रत्नाकर बँक, दुबई आणि दिग्गीची बस

२०२५ ची दिवाळी उरकून कॉलेज सुरू झाले त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये फराळाच्या डब्यांपेक्षा एका बातमीवरच जास्त हात मारला गेला. दुबईच्या एमिरेट्स एनबीडी या बँकेने २६,८५० कोटी रुपये घालून आपल्या आरबीएल बँकेचा ६० टक्के हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला होता. तोही ऐन धनत्रयोदशीला, १८ ऑक्टोबरला. आरबीएल म्हटले की कुणाच्या लक्षात येत नाही, पण ही आपली जुनी रत्नाकर बँक. आमचे निपाणीकडचे एक सहकारी आहेत, त्यांच्या वडिलांचा तंबाखूचा व्यवहार याच बँकेतून चालायचा. ते चकली हातात धरून नुसतेच बसले होते. म्हणाले, "आमचे बाबा सांगायचे, ही आपली बँक. आता दुबईच्या शेखाला आपला कसे म्हणू?"

कन्नड शिकवणारे सर मात्र खूश होते. त्यांचे म्हणणे, परदेशी लोक पैसा जपून वापरतात. आपल्या बँकांत एका कामाला चार माणसे आणि चारही चहाला गेलेली. 'हासिगे इद्दष्टु कालु चाचु' हे आपण फक्त म्हणतो, ते लोक तसे वागतात. मराठीत आपण अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतो, तेच हे. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले, कारण अर्थशास्त्र मी शिकवते. "मॅडम, तुम्हीच सांगा. परदेशी बँक खरेच कमी खर्चात चालते का?"

त्या दिवशी घंटा झाली आणि माझी सुटका झाली. उत्तर राहून गेले, ते आज देते.

आधी या बँकेची थोडी ओळख, कारण तरुण वाचकांना ती फक्त क्रेडिट कार्डावरचे नाव म्हणून ठाऊक असेल. १९४३ साली कोल्हापूर आणि सांगली या दोन ठिकाणी ती सुरू झाली. संस्थापकांची नावे वाचा: सांगलीचे बाबगोंडा भुजगोंडा पाटील आणि कोल्हापूरचे गंगाप्पा सिद्दाप्पा चौगुले. या नावांतच आपला सगळा सीमाभाग आला. 'गोंडा' आणि 'अप्पा' नावात, 'पाटील' आणि 'चौगुले' आडनावात, घरात कोणती भाषा हे विचारायची सोय नाही. ऊस, तंबाखू, गूळ, हळद यांच्या व्यापाऱ्यांना आणि शेतकऱ्यांना कर्ज देत ती वाढली. २०१० नंतर नवे व्यवस्थापन आले, २०१४ मध्ये रत्नाकरची आरबीएल झाली, २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंद झाली. मोठे कारभारी मुंबईत बसू लागले, तरी नोंदणीकृत पत्ता शाहूपुरी, कोल्हापूर हाच राहिला.

तिच्या बरोबरीच्या बँका आधीच गेल्या होत्या. बेळगाव बँक १९७५ मध्ये युनियन बँकेत विलीन झाली, मिरज स्टेट बँक १९८५ मध्ये. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ मध्ये आयडीबीआयने घेतली आणि १९१६ पासूनची सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयने. या पट्ट्यातली स्वतःच्या नावाने उरलेली ही एक. म्हणून निपाणीकरांना वाईट वाटले, तर त्यात नवल नाही. पण वाईट वाटणे निराळे आणि हिशेब निराळा. हिशेबाकडे वळू.

बँकेचा खर्च मोजण्याची सर्वात सोपी रीत अशी: व्याजातून आणि इतर सेवांतून बँकेच्या हाती निव्वळ शंभर रुपये आले, तर त्यातले पगार, भाडे, वीज, संगणक, कागद यांत किती गेले? पन्नास गेले तर बरी, पासष्ट गेले तर ढिली. दुसरी रीत अभ्यासकांची. सारख्याच ठेवी आणि सारखीच कर्जे सांभाळणाऱ्या बँका शेजारी ठेवायच्या, त्यांतल्या सर्वात कमी खर्चात काम करणाऱ्यांची एक रेघ आखायची, आणि बाकीच्या त्या रेघेपासून किती दूर आहेत ते पाहायचे. घरात आपण हेच करतो. जाऊबाईंच्या घरी तेवढ्याच माणसांना महिन्याला किती तेल लागते, आणि आपल्याकडे किती!

अडचण 'तेवढ्याच माणसांना' या शब्दांत आहे.

आपल्या तालुक्यातले उदाहरण घेते. बेळगावहून धारवाडला जाणारी बस आणि जोयड्याहून दिग्गीकडे जाणारी बस. ड्रायव्हर तितकाच शिकलेला, डिझेलचा भाव तोच. पहिली हमरस्त्यावरून भरून जाते, भरून येते. दुसरी काळी नदीच्या उगमाकडे, जंगलातून, खड्ड्यांतून, कधी दहा माणसे तर कधी तीन. दर माणशी खर्च काढला तर दिग्गीची बस नापास. यावरून कुणी म्हणाले की बेळगावचा ड्रायव्हर हुशार आणि जोयड्याचा गलथान, तर आपण हसू. बँकांच्या बाबतीत मात्र हसायचे विसरतो.

समजा, एका बँकेने मुंबईत एकाच कंपनीला १०० कोटी रुपये कर्ज दिले. एक फाईल, दोन वकील, चार बैठका, काम झाले. दुसऱ्या बँकेने तेच १०० कोटी पन्नास-पन्नास हजारांच्या कर्जांत वाटले, कुणाला म्हैस, कुणाला शिलाई मशीन, कुणाला सुपारीच्या बागेत पाइप. मग फायली किती? २०,०००. वीस हजार सात-बारे, आमच्या बाजूला म्हणायचे तर वीस हजार पहाणी उतारे, वीस हजार सह्या आणि अंगठे, वीस हजार वेळा वसुलीची आठवण. रक्कम एकच, खर्चाची तुलनाच होत नाही. आपल्या देशातल्या बहुतेक परदेशी बँका पहिल्या प्रकारचा धंदा करत आल्या. त्यांचे पगार जास्त, कचेऱ्या महागड्या भागांत, तरीही माणशी उलाढाल एवढी मोठी की हिशेब जमतो. आपल्या सरकारी आणि ग्रामीण बँकांच्या वाट्याला दुसरा प्रकार आला.

हा वाटा कुणी दिला? आपणच, म्हणजे आपल्या सरकारने. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशभरात बँकांच्या ८,२०० च्या आसपास शाखा होत्या, म्हणजे सरासरी ६५,००० लोकांमागे एक. (आमच्या सबंध तालुक्यात ६५,००० माणसे आजही नाहीत. २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या थोडे वर, आणि तीही सुमारे १,९०० चौरस किलोमीटरच्या जंगलात विखुरलेली.) १९७७ पासून १९९० पर्यंत असा नियम होता की बँकेला शहरात एक शाखा उघडायची असेल, तर जिथे बँकच नाही अशा चार ठिकाणी आधी उघडा. आज तो नियम नाही, पण नव्या शाखांपैकी २५ टक्के बँक नसलेल्या ग्रामीण भागात असाव्यात अशी अट आहे. एकूण कर्जाच्या ४० टक्के शेती, लघुउद्योग, शिक्षण, घर अशा अग्रक्रमाच्या कामांना आणि शेतीला १८ टक्के, हेही बंधन आहे. वीसपेक्षा कमी शाखा असलेल्या परदेशी बँकेलाही ४० टक्क्यांचा नियम लागतो, पण तिला शेतीचे वेगळे उद्दिष्ट नाही, आणि तिचा मोठा वाटा निर्यातदारांना कर्ज देऊन भरता येतो. एकाला डोंगर चढायला सांगायचे, दुसऱ्याला सपाटीवर पळवायचे आणि घड्याळ मात्र एकच लावायचे, असा हा प्रकार.

गंमत अशी की जेव्हा अभ्यासकांनी नीट मोजले, तेव्हा निकाल आपल्या स्टाफरूममधल्या समजुतीसारखा आला नाही. भट्टाचार्य, लव्हेल आणि सहाय या तिघांनी १९८६ ते १९९१ या काळातल्या भारतातल्या ७० बँका तपासल्या. १९९७ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. त्यांच्या मोजणीत सरकारी बँका सर्वात कार्यक्षम निघाल्या, त्यांच्यामागे परदेशी, आणि देशी खाजगी सर्वात शेवटी. मात्र त्याच निबंधात पुढे हेही आहे की त्या काळात परदेशी बँका सुधारत चालल्या होत्या आणि सरकारी घसरत होत्या. म्हणजे दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचे वाक्य उचलावे, अशी सोय!

बाहेरच्या जगात तर आणखी विचित्र. बर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली फ्रान्स, जर्मनी, स्पेन, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांत पाहिले, तर सरासरीने देशी बँका परदेशींपेक्षा सरस ठरल्या. घरच्या अंगणातली माती ओळखीची असते, भाषा, कायदा, गिऱ्हाइकाचा स्वभाव माहीत असतो, दूरवरून देखरेख ठेवण्याचा खर्च वाचतो. अपवाद अमेरिकन बँकांचा, त्या परक्या अंगणातही बऱ्या खेळल्या. उलट पूर्व युरोपात, साम्यवाद कोसळल्यानंतर, बोनिन, हसन आणि वाख्टेल यांना २००५ मध्ये दिसले की परदेशी मालकीच्या बँकाच कमी खर्चात चालत होत्या. तिथल्या देशी बँका इतक्या मोडकळीला आल्या होत्या की बाहेरून आलेला कुणीही उजवाच दिसला असता. म्हणजे मालकाचा पासपोर्ट पाहून कार्यक्षमता कळत नाही. जिथे घरचे दुबळे आणि पाहुणा जाणता, तिथे पाहुणा जिंकतो. जिथे घरचे धड आहेत, तिथे बहुधा घरचेच.

कन्नडच्या सरांवर अन्याय नको. त्यांचा राग पोकळ नाही. भारतातले पहिले एटीएम १९८७ मध्ये मुंबईत बसवले ते हाँगकाँग बँकेने, म्हणजे आजच्या एचएसबीसीने. तेव्हा आपल्या बँकांत टोकन घेऊन तासभर बाकावर बसण्याची पद्धत होती आणि संगणक आला की नोकऱ्या जातील म्हणून आंदोलने होत होती. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर स्पर्धा आली, नव्या खाजगी बँका आल्या, २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून एक लाखाच्या आसपास लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले, आणि मग आपल्या पासबुकावर छापील नोंदी दिसू लागल्या. शेजारची दुकानदारीण हसतमुख असली की आपणही जरा नीट बोलू लागतो. परदेशी बँकांचा खरा फायदा त्यांच्या स्वतःच्या हिशेबापेक्षा असा शेजारधर्मातून झाला, असे मला वाटते.

आणि देशी म्हणजे घरचे, हे तरी खरे आहे का? मागच्या वर्षी मी एका देशी बँकेच्या काउंटरवर उभी होते. नाव सांगत नाही. काउंटरवरचा मुलगा दूरच्या राज्यातून बदलीवर आलेला, सभ्य, कामसू. त्याला कन्नड येत नव्हते, मराठी नाही, कोकणी तर नाहीच. माझ्या पुढे उभ्या असलेल्या कुणबी आजीबाईंना हिंदी येत नव्हते. दोघेही एकमेकांकडे पाहून हसत होते, आणि पैसे कुठे अडकले ते दोघांनाही कळत नव्हते. शेवटी दुभाष्याचे काम मी केले. जुन्या मराठीत 'परदेशी' म्हणजे विलायतेचा नव्हे, उत्तरेकडून आलेला माणूस. महाराष्ट्रात ते आडनावही आहे. त्या अर्थाने आजीबाईंच्या लेखी ती बँक परदेशीच होती. त्या मुलाचा दोष नाही, पण त्या दिवशी गेलेला अर्धा तास बँकेच्या कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही.

इथे मला आपल्या सुप्याचा इतिहास आठवतो. मूळचे सुपा गाव काळी नदीवरच्या धरणात गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, विस्थापितांसाठी रामनगर वसले. धरण १९८७ मध्ये पुरे झाले. पायथ्याशी १०० मेगावॅट आणि खाली नागझरीच्या वीजघरात त्याच्या कित्येक पट वीज तयार होते. ही वीज राज्यातल्या स्वस्त विजेत मोडते. स्वस्त का? पाणी फुकट, कोळसा नको, हे खरेच. पण जे गाव, जी शेते, जी देवळे पाण्याखाली गेली, त्यांची एकदाची नुकसानभरपाई सोडली तर पुढचा खर्च युनिटच्या दरात कुठे धरला आहे? तो खर्च नाहीसा झाला नाही. तो माणसांनी आपल्या अंगावर घेतला, आणि वीज मंडळाच्या हिशेबात वीज स्वस्त दिसली.

बँकेचेही असेच चालते. शाखा बंद केली की बँकेचे भाडे वाचले, पगार वाचले, शंभरातला खर्च खाली आला, बँक 'कार्यक्षम' झाली. पण खात्यातले पैसे तर काढायचेच असतात. ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार आमच्याकडच्या बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले. जमा झाले की नाही, हे पाहायला बाई बसने तालुक्याला येते. तिकीट लागत नाही, कारण जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना साधी बस मोफत आहे. पाहा, बँकेने वाचवलेला खर्च आता कुठे गेला? थोडा परिवहन मंडळाच्या वहीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. बाकीचा त्या बाईच्या अंगावर, कारण तिचा दिवसाचा रोजगार बुडाला. आणि मशीनवर बोटाचा ठसा उमटला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. भात लावून आणि कंद खणून झिजलेली बोटे, ठसा उमटणार कुठून? मोबाइलवर पैसे पाठवता येतात हे मला माहीत आहे. ज्यांच्या गावात फोनला रेंज नाही त्यांना ते सांगू नये.

आता कुणी म्हणेल, हे तर देशी बँकांचेच वर्णन झाले, परदेशींचा काय संबंध? संबंध असा की आमच्या तालुक्यात परदेशी बँकेची एकही शाखा नाही, म्हणून तिच्यावर बोट ठेवायलाच जागा नाही. तिने शाखा बंद केली नाही, उघडलीच नाही. जनधनची पन्नास कोटींहून अधिक खाती उघडली गेली, ती जवळजवळ सगळी सरकारी आणि ग्रामीण बँकांनी उघडली. परदेशी बँकेच्या कमी खर्चातला एक मोठा वाटा या न आलेल्या शाखांचा आहे. आणि सरकारी बँकेच्या जास्त खर्चातला एक वाटा दिग्गीच्या बसचा आहे. तो उधळपट्टी समजून कापला तर काय होते, याचाही अभ्यास झाला आहे. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये दाखवले की चारास एक या नियमाच्या काळात ग्रामीण शाखा जिथे वाढल्या तिथे गरिबी कमी झाली. कर्जे मोठ्या प्रमाणात बुडाली, बँकांना तोटाही झाला, हेही त्यांनी लपवलेले नाही. तोटा बँकेच्या वहीत दिसला. गरिबी कमी झाली ती कुठल्या बँकेच्या ताळेबंदात दिसणार?

आपल्या किनाऱ्याने यावर एक युक्ती फार पूर्वी काढली होती. १९२५ साली उडुपीत सुरू झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव आणली. एजंट रोज दारात यायचा आणि दोन आणेसुद्धा घेऊन जायचा. कागदावर पाहिले तर हा वेडेपणा. दोन आण्यांसाठी माणूस पाठवायचा! पण विणकर, मासळीवाल्या, किरकोळ दुकानदार यांना बँकेत जाण्याचा खर्च परवडत नव्हता, तो बँकेने उचलला, आणि त्यातूनच बँक मोठी झाली. पिग्मी हा शब्द मराठी पतपेढ्यांनीही इतका उचलला की तो उडुपीचा आहे हे सांगितले तर सांगली-मिरजेकडची मंडळी मान्य करत नाहीत. ती सिंडिकेट बँकही १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली. आमच्या भागाला सांभाळणारी कर्नाटक विकास ग्रामीण बँक धारवाडची होती. १ मे २०२५ पासून राज्याची एकच ग्रामीण बँक झाली, तिचे मुख्यालय बळ्ळारीला. खर्च वाचेल म्हणतात. वाचेलही. शिरशीची जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक तेवढी १९२० पासून जिल्ह्यातच पाय रोवून आहे.

मग मालक कोण याने काहीच फरक पडत नाही का? पडतो, पण रोजच्या खर्चात नव्हे, अडचणीच्या दिवशी. याचे उदाहरण आपल्या सरहद्दीवरच आहे. आमच्या तालुक्यातले कॅसलरॉक स्टेशन म्हणजे एके काळी इंग्रजांच्या हिंदुस्थानचे शेवटचे टोक. पुढे पोर्तुगीजांचे राज्य, त्यांची जकात, त्यांचा पैसा. तिथल्या नोटा छापायचा हक्क बांको नासिओनाल उल्ट्रामारिनो या लिस्बनच्या बँकेचा. गोव्यातल्या लोकांनी, आपल्याकडे अडीनडीला ठेवतात तसेच, या बँकेत दागिने गहाण ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, पण त्याआधी ते सोने लिस्बनला पोहोचले होते. मंगळसूत्रे, पाटल्या, तोडे, सगळे समुद्रापार. ते परत यायला १९९१ साल उजाडले. तीस वर्षे! ज्या बाईने लेकीच्या लग्नासाठी ठेवले, तिच्या नातीचे लग्न होऊन गेले असेल. ती बँक काटकसरीने चालत होती की उधळी होती, हा प्रश्न त्या दिवसानंतर कुणी विचारला नसेल.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२० मध्ये करूरची लक्ष्मी विलास बँक बुडायला आली तेव्हा तिला सिंगापूरच्या डीबीएसच्या भारतीय कंपनीत विलीन करण्यात आले, आणि पाचशेहून अधिक शाखांतल्या ठेवीदारांचा पैसा वाचला. भागधारकांचे मात्र शून्य झाले. उलट बंगळूरच्या वैश्य बँकेत हॉलंडची आयएनजी २००२ मध्ये आली, नावात बसली आणि २०१५ मध्ये बँक कोटककडे गेली. सिटी बँकेने आपला किरकोळ ग्राहकांचा धंदा २०२३ मध्ये अॅक्सिसला विकला. परदेशी मालकाला दार उघडे असते. त्याचा हिशेब दहा देशांचा असतो, त्यात भारत ही एक ओळ. न्यूझीलंडमध्ये मोठ्या बँका जवळजवळ सगळ्या ऑस्ट्रेलियन मालकीच्या झाल्या, छोट्या गावांतल्या शाखा बंद होऊ लागल्या, तेव्हा २००२ मध्ये तिथल्या सरकारने टपाल कचेऱ्यांतून किवीबँक नावाची बँक सुरू केली. आपल्याकडे पोस्टाची पेमेंट बँक २०१८ मध्ये आली. आमच्याकडे पोस्टमन घरी येऊन अंगठा घेऊन पैसे देतो तेव्हा मला उडुपीचा तो पिग्मी एजंट आठवतो. फक्त उलट्या दिशेने जाणारा.

आता निपाणीच्या सहकाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी, कारण त्यांच्यासारखे प्रश्न बऱ्याच घरांत असतील. मालक दुबईचा असो की कोल्हापूरचा, भारतात चालणारी बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमांखालीच चालते, आणि प्रत्येक ठेवीदाराच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे, त्याआधी एक लाख होती. तेव्हा घाईघाईने ठेवी मोडायचे कारण नाही. दुसरी गोष्ट, वीस शाखांची सवलत या बँकेला मिळणार नाही. पाचशेहून जास्त शाखा असलेल्या बँकेला शेतीचे १८ टक्के द्यावेच लागतात, मालक कुणीही असो. पण १८ टक्के देण्याच्याही रीती अनेक. तंबाखूच्या शेतकऱ्याला थेट देता येतात, नाहीतर मोठ्या वित्त कंपनीमार्फतही त्यातले काही पोहोचवता येतात. पाहायचे ते हे. तुमच्या गावच्या शाखेतला कर्ज देण्याचा अधिकार शाखाधिकाऱ्याकडे राहतो, की प्रत्येक फाईल मुंबईला जाते? उंटावरून शेळ्या हाकणे सुरू झाले की समजावे. आणि दुबईत उंटांना काय तोटा!

कन्नडच्या सरांना मी एवढेच म्हटले की तुमचे निम्मे खरे आहे. कोणते निम्मे, हे त्यांनी विचारले नाही.

वर्गात मात्र मी मुलांना एक घरचा अभ्यास दिला. घरातल्या कुणीतरी शेवटचे पैसे बँकेतून काढले तेव्हा किती वेळ गेला, किती रुपये गेले आणि कोणते काम बुडाले, ते विचारून लिहून आणा. वही दोन रकान्यांची करायला सांगितली, एक बँकेचा खर्च, एक घरचा खर्च. दुसऱ्या दिवशी कुंभारवाड्याकडच्या एका मुलीची वही पाहिली. पहिला रकाना कोरा होता. दुसऱ्यात तिने कन्नडमध्ये लिहिले होते की आजी सकाळच्या बसने गेली, मशीन बंद होते, संध्याकाळच्या बसने परत आली. रुपयांच्या जागी काय लिहायचे म्हणून ती माझ्याकडे पाहत उभी होती.